हलका रॉड म्हणजे मोडका रॉड नव्हे

नागपुरात गळ टाकणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलाय: हलका स्पिनिंग रॉड (खालच्या बाजूला रील, म्हणजे दोरी गुंडाळणारी चकरी, लावायची गळाची काठी) मोठ्या माशाने मोडतो, म्हणून जाडच घ्या. हे चूक आहे.

रॉडवर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे वाकतो कुठून. 'लाइट' पॉवर आणि 'फास्ट' ॲक्शन एकाच रॉडवर असू शकतं: टोक पटकन वाकेल, खालचा भाग ताठ राहील. उत्तर अमेरिकेत बास माशासाठी बारीक आमिषांची फिनेस पद्धत रुळली, तिला असाच रॉड लागतो. साधारण साडेसहा ते सात फूट, २ ते ७ ग्रॅमचं आमिष, ६ ते ८ पौंडांची दोरी.

मासा ओढतो तेव्हा जोर रॉड एकटा झेलत नाही. रीलचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला दोरी सोडणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावला, तर ६ पौंडांच्या दोरीवर ती दीड-दोन पौंड ताणाला सुटू लागते. रॉड मोडतो तो बहुतेकदा वेगळ्याच कारणांनी: काठाशी आलेला मासा रॉडने उचलणं, रॉड डोक्यामागे उभा खेचणं, गाडीच्या दारात चिमटणं. रॉडच्या ग्राफाइटला बसलेली बारीक चीर पुढे दगा देते.

पण शेवाळात, वेलींत दडलेल्या मरळीला हा रॉड नकोच. तिथे तिला ओढून काढायला जड रॉड हवा. मोकळ्या पाण्यातल्या तिलापियासाठी मात्र हलकाच घ्या. आणि दुकानात रील लावून तोल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.