सिरीज की पॅरलल? आठ वायरच्या स्टेपर मोटरचा जोर कुठे बदलतो

आठ वायरची स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपनी फिरणारी मोटर) हातात आली की वर्कशॉपमध्ये दोन ठाम मतं ऐकू येतात. एक म्हणतो, सिरीज जोड, ताकद जास्त मिळते. दुसरा म्हणतो, पॅरलल जोड, ताकद जास्त मिळते. दोघांनीही मोटर स्वतः चालवून पाहिलेली असते, त्यामुळे कुणीच मागे हटत नाही. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या राउटरला मी एकाच मोटरच्या दोन्ही जोडण्या करून पाहिल्या आहेत. दोघांचाही अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धवट आहे.

आधी मोटर थांबलेली असताना काय होतं ते पाहू. आठ वायरच्या मोटरला दोन फेज (कॉइलचे स्वतंत्र गट) असतात आणि प्रत्येक फेजमध्ये दोन अर्ध्या कॉइल. हिशेबासाठी अशी मोटर धरू, की जिच्या एका अर्ध्या कॉइलचा इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल करते तो विरोध) २ मिलिहेन्री आहे आणि एकच अर्धी कॉइल वापरली तर तिला ३ अँपिअर चालतात. दोन्ही अर्ध्या एकाच वेळी वापरायच्या तर तेवढ्याच उष्णतेत प्रत्येकीला सुमारे २.१ अँपिअर देता येतात, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सिरीजमध्ये ड्रायव्हरने (मोटरला करंट पुरवणाऱ्या सर्किटने) २.१ अँपिअर दिले की तेच दोन्ही कॉइलमधून जातात. पॅरललमध्ये ड्रायव्हर ४.२ देतो आणि ते २.१, २.१ असे वाटले जातात. म्हणजे कॉइलमधल्या तांब्याला दोन्हीकडे सारखाच करंट मिळतो. वेढे तेच, चुंबकत्व तेच, तांब्यातली उष्णताही तीच. त्यामुळे होल्डिंग टॉर्कमध्ये, म्हणजे थांबलेल्या मोटरच्या धरून ठेवण्याच्या जोरात, काडीचाही फरक पडत नाही.

फरक सुरू होतो तो मोटर फिरायला लागल्यावर, आणि त्याचं कारण इंडक्टन्स. वेढे दुप्पट झाले की इंडक्टन्स चौपट होतो, म्हणून सिरीजमध्ये ८ मिलिहेन्री. पॅरललमध्ये मात्र तो २ च राहतो. इथे बरेच जण पाठ्यपुस्तकातलं सूत्र लावून १ मिलिहेन्री काढतात. पण त्या कॉइल एकमेकींपासून सुट्या नसतात. दोन्ही त्याच पोलवर (गाभ्याच्या दातांवर) गुंडाळलेल्या असतात, म्हणून ते सूत्र इथे लागू होत नाही.

आता राउटरचा वेग घेऊ. बॉल स्क्रूचा लीड (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) ५ मिमी असेल तर मिनिटाला ३ मीटर सरकायला ६०० आरपीएम लागतात. एका स्टेपला १.८ अंश फिरणाऱ्या मोटरला त्या वेगाला सेकंदाला २००० पूर्ण स्टेप पडतात, आणि प्रत्येक फेजमधला करंट दर दोन स्टेपनंतर, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला, उलटा व्हावा लागतो. मायक्रोस्टेपिंगने (एका स्टेपचे बारीक तुकडे केल्याने) हालचाल गुळगुळीत होते, पण ही मुदत वाढत नाही. सप्लाय ३६ व्होल्टचा असेल तर सिरीजमध्ये करंट पूर्ण उलटायला ०.९३ मिलिसेकंद लागतात, पॅरललमध्ये ०.४७. सिरीजमध्ये जवळजवळ सगळा वेळ करंट उलटवण्यातच जातो, पूर्ण करंट टिकायला वेळच उरत नाही. त्यात मोटर फिरताना जनरेटरसारखं उलट व्होल्टेजही तयार करते आणि वेढे दुप्पट असल्याने सिरीजमध्ये तेही दुप्पट होतं. हा विरोध आणि कॉइलचा रेझिस्टन्स मी वरच्या हिशेबात धरलेला नाही. म्हणजे प्रत्यक्षात अवस्था आणखी वाईट असते.

थोडक्यात, सिरीजची जी गत ३०० आरपीएमला, ती पॅरललची ६०० ला. टॉर्क पडायला लागला की तो साधारण वेगाच्या व्यस्त प्रमाणात पडतो. म्हणून एकाच सप्लायवर वरच्या वेगात पॅरललला जवळपास दुप्पट टॉर्क मिळतो. रॅपिडला (न कापता वेगाने सरकताना) स्टेप सुटणारा राउटर पॅरलल केल्यावर सुधारतो तो यामुळे.

मग सिरीजवाल्याचं काय? तो बहुधा लहान ड्रायव्हर वापरत असतो. ड्रायव्हरच २.१ अँपिअरचा असेल, तर पॅरललमध्ये प्रत्येक कॉइलच्या वाट्याला १.०५ येतात आणि होल्डिंग टॉर्क निम्म्यावर येतो. त्याच ड्रायव्हरवर सिरीज जोडलं की पूर्ण मिळतो. हळू चालणाऱ्या यंत्रावर हा फरक हाताला जाणवतो. तरीही वेग आपल्या उदाहरणातल्या ६०० आरपीएमच्या बराच पुढे गेला की ती अर्धपोटी पॅरलल मोटर सिरीजला मागे टाकते. ड्रायव्हरचा आकडा वाचतानाही जपायला हवं. डीएम५४२ या ड्रायव्हरच्या तक्त्यातले ४.२ अँपिअर हा शिखराचा आकडा आहे, आरएमएस (परिणामी सरासरी) धरला तर तो ३ च्या आसपास येतो.

जोडणी न बदलता हेच काम व्होल्टेजने करता येतं. ७२ व्होल्टवरची सिरीज आणि ३६ व्होल्टवरची पॅरलल वेगाच्या दृष्टीने सारख्याच. कमी करंटचा पण जास्त व्होल्टेज पेलणारा ड्रायव्हर असेल तर सिरीज हीच शहाणी निवड. डीएम५४२ ला मात्र ५० व्होल्टची मर्यादा आहे, तिथे हा मार्ग बंद.

मोटरच्या लेबलवर ३ व्होल्ट लिहिलेलं असताना ३६ कसे द्यायचे, ही भीती मला अनेकांच्या डोळ्यांत दिसते. तो ३ चा आकडा म्हणजे स्थिर मोटरमध्ये ठरलेला करंट वाहायला लागणारं व्होल्टेज, दुसरं काही नाही. पूर्वीच्या साध्या ड्राइव्हमध्ये वाढीव व्होल्टेज देऊन उरलेलं जाडजूड सिरॅमिक रेझिस्टरमध्ये जाळत असत. कॅबिनेट उघडलं की गरम झळ यायची. आताचा चॉपर ड्रायव्हर पूर्ण व्होल्टेज देतो, करंट ठरलेल्या पातळीला पोचला की क्षणभर तोडतो, पुन्हा देतो. कॉइल जळत नाही आणि करंट चढतो मात्र पूर्ण ३६ च्या रेट्याने. अर्थात व्होल्टेज चढवत नेलं की पोलादी गाभ्यातली उष्णता वाढते, म्हणून मोटरला हात लावून बघत बघत वर जावं.

सहा वायरच्या मोटरला पॅरललचा पर्याय नाही. तिथे पूर्ण कॉइल किंवा मधल्या वायरपासून अर्धी, एवढंच. अर्ध्या कॉइलला होल्डिंग टॉर्क सुमारे ७० टक्के मिळतो, पण वरच्या वेगात ती पूर्ण कॉइलपेक्षा सरस ठरते.

पॅरलल जोडण्याआधी एक तपासणी मी कधीही टाळत नाही. एका फेजच्या दोन अर्ध्या कॉइल आधी सिरीजमध्ये जोडायच्या, मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावायचा आणि शाफ्ट ड्रिलने फिरवायचा. एका कॉइलच्या दुप्पट व्होल्टेज दिसलं तर टोकं बरोबर आहेत. शून्याजवळ दिसलं तर एक कॉइल उलटी आहे. अशी उलटी कॉइल पॅरललमध्ये गेली की दोघींचं चुंबकत्व एकमेकींना मारतं, इंडक्टन्स जवळजवळ नाहीसा होतो, आणि ड्रायव्हरला समोर शॉर्टच दिसतो. संरक्षण चांगलं असेल तर तो ट्रिप होतो, नसेल तर जळतो.