मराठी छपाई: यंत्रे आणि ती चालवणारी ओळखीपाळखी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा मुंबईच्या गिरगावात छपाईचे काम द्यायचे असेल, तर आज ग्राहकाला छापखान्याची पायरी चढण्याचीही गरज पडत नाही. मजकूर ई-मेलने जातो, मुद्रिते, म्हणजे तपासायच्या कच्च्या प्रती, व्हॉट्सॲपवर पीडीएफच्या रूपात येतात, पैसे फोनवरून पोहोचतात आणि छापलेला माल घरी येतो. त्यामुळे पूर्वी माणसांच्या ओळखीवर चालणारा हा धंदा आता केवळ यंत्रावर चालू लागला, असे सर्रास म्हटले जाते. मराठी छपाईचा इतिहास पाहिला तर हे म्हणणे अपुरे वाटते, कारण या भाषेत यंत्र प्रत्येक वेळी बाहेरून आले आणि ते मराठी छापण्याजोगे झाले ते मात्र कोणीतरी कोणाच्या तरी हाताखाली शिकला म्हणून.

हिंदुस्थानातले पहिले मुद्रणयंत्र सप्टेंबर १५५६ मध्ये गोव्यात उतरले. ते खरे म्हणजे ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचे होते, पण गोव्यातच राहिले आणि सेंट पॉल कॉलेजात उभे केले गेले. या गोव्यातच फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी होती, लिपी मात्र रोमन. देशी लिपीत छापण्याची इच्छा स्टीफन्स यांना नव्हती असे नाही. १६०८ च्या एका पत्रात त्यांनी रोमला कळवले होते की येथील लिपीसाठी सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, युरोपात जे काम चोवीस अक्षरांत भागते. हा सहाशेचा आकडा पुढची साडेतीनशे वर्षे मराठी छपाईच्या मानगुटीवर बसलेला होता. स्वर, काना-मात्रा, वेलांट्या, उकार, जोडाक्षरे आणि रफार यांचा हिशेब मांडला की कोणालाही तो चुकवता येत नसे.

सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांचा प्रयत्न याच अडचणीपाशी अडला. देशी अक्षरांत ग्रंथ छापावेत म्हणून त्यांनी १६७० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला, आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्रासह मुंबईला आलाही. यंत्र होते, कागद होता, पैसा लावणारा माणूस होता. परंतु हिल्स छापणारा होता, अक्षरे कोरणारा नव्हता. पोलादाच्या पट्टीवर उलटे अक्षर कोरून त्याचा ठसा घेणारा हात नसल्यामुळे ती खटपट वाया गेली. माझ्या मते मराठी मुद्रणाच्या पार्श्वभूमीतला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे.

असा हात पुढे बंगालमध्ये तयार झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले चार्ल्स विल्किन्स यांच्याकडे पंचानन कर्मकार अक्षरे कोरायला शिकले, पंचाननांकडून ती विद्या त्यांचे जावई मनोहर यांच्याकडे गेली, आणि सासरे-जावयांच्या या कसबावर श्रीरामपूरच्या मिशन छापखान्याचा देशी लिप्यांतील कारभार उभा राहिला. तिथले मिशनरी विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथेच देवनागरी टाइपात निघाले. त्यासाठी केरी यांना पंडित वैजनाथ यांचे साहाय्य लाभले होते. त्याच वर्षी मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. ते पत्रे कोरणारा कारागीर पेशवाईतल्या पुण्यात इंग्रज रेसिडेंटच्या आसऱ्याने हे काम शिकलेला होता. म्हणजे दोन टोकांच्या दोन ठिकाणी एकाच वर्षी जे घडले, ते दोन्हीकडे शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या माणसांच्या जोड्यांमुळे घडले.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८१६ मध्ये कलकत्त्याहून लाकडी यंत्र आणि देवनागरी टाइप आणले आणि पुढल्या वर्षी मराठी छपाई सुरू केली. या छापखान्याने धर्मप्रसार किती केला हा वेगळा विषय आहे. मुद्रणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की मुंबईतल्या मराठी मुलांसाठी तो नकळत शाळा ठरला. या छापखान्याशी संबंध आलेले गणपत कृष्णाजी हे त्यांपैकी पहिले मोठे नाव. शिळाप्रेसवरचे, म्हणजे दगडावरून छापण्याचे, काम पाहून त्यांनी स्वतःच्या अकलेने लाकडी यंत्र तयार केले, योग्य दगड शोधून काढला, शाई घरी बनवली आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. छापील शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसे छापलेल्या कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरल्याचे सांगितले जाते. पुढे त्यांनी टाइपही पाडले. गिऱ्हाइकाला काय खटकते हे आधी ओळखून मग तंत्र बदलण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. पंचांग हे आरंभीचे उत्पादन निवडण्यातही तीच समज दिसते, कारण दरवर्षी नव्याने लागणारी आणि प्रत्येक घरात जाणारी तेवढी एकच वस्तू त्या काळी होती. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या 'कालनिर्णय'ची मुळेही याच व्यवहारात आहेत.

याच मिशन छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लागलेला एक मुलगा म्हणजे जावजी दादाजी चौधरी. १८३९ मध्ये जन्मलेल्या जावजींना शाळेचे शिक्षण जेमतेम मिळाले. थॉमस ग्रॅहम या टाइप कोरणाऱ्या कसबी माणसाच्या हाताखाली त्यांची नजर तयार झाली. पुढे एकदोन छापखान्यांच्या नोकऱ्या करून त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या यशाचा निम्मा वाटा राणोजी रावजी आरू यांचा आहे. राणोजींनी कोरलेली अक्षरे बारीक आकारातही ठसठशीत उठत, जोडाक्षरांत कोठे घाण होत नसे, आणि त्यामुळे निर्णयसागरचे टाइप देशभरातल्या छापखान्यांनी विकत घेतले. एकाने धंदा सांभाळला, दुसऱ्याने अक्षर. १८८६ मध्ये निर्णयसागरने 'काव्यमाला' ही संस्कृत ग्रंथांची माला सुरू केली, तेव्हा जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे संपादक जावजींनी जोडले. संस्कृत हस्तलिखिते लोकांच्या घरांत, मठांत आणि संस्थानिकांच्या पोथीखान्यांत होती, आणि ती मिळवायला यंत्राचा काहीच उपयोग नव्हता. तेथे पंडितांच्या ओळखीच कामी आल्या.

ओळखीची ही वाट सर्वांना सारखी मोकळी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. छापखाने, वर्तमानपत्रे आणि प्रकाशने ज्या वर्गाच्या हाती होती, त्याच्या वर्तुळाबाहेरच्या माणसाला स्वतःचे म्हणणे छापून आणण्यासाठी स्वतःच यंत्र मिळवावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले, आणि आपल्या चळवळीचा स्वतंत्र छापखाना हवा हा आग्रह त्यांनी सतत धरला. दादरचा भारत भूषण छापखाना त्या आग्रहातून उभा राहिला आणि 'जनता' तेथे छापले जाऊ लागले. ज्यांच्याकडे जुन्या ओळखींचे भांडवल नव्हते, त्यांनी गरीब वर्गणीदारांचे नवे जाळे विणले आणि त्याच्या बळावर शिसे आणि शाई विकत घेतली.

वर्गणीदारांचा प्रश्न मोठ्या ग्रंथांनाही टळलेला नव्हता. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड काढायचे ठरवले, तेव्हा एवढा खर्च उचलणारा प्रकाशक मराठीत नव्हता. त्यांनी मर्यादित कंपनी स्थापली, गावोगाव फिरून आगाऊ पैसे देणारे ग्राहक मिळवले आणि छपाईची व्यवस्थाही स्वतःकडे घेतली. ग्रंथ हातात येण्याआधी वाचकाने लेखकावर विश्वास ठेवून पैसे मोजणे ही गोष्ट मराठीत एवढी जुनी आहे.

खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत लेखक आणि मुद्रक यांचे जे घट्ट नाते असे, त्याचे कारण पुष्कळदा स्वभावात शोधले जाते. मला ते धातूतही दिसते. अक्षरे जुळवणारा जुळारी शेकडो खणांच्या केसीसमोर उभा राहून एकेक खिळा उचलून स्टिक नावाच्या हातातल्या पट्टीत बसवी, ओळी गॅली या तबकात जात, मग एकदम छापायचा सोळा पानांचा फर्मा बांधला जाई. छपाई झाली की तेच खिळे सोडून परत आपापल्या खणांत टाकावे लागत, कारण पुढच्या फर्म्याला पुरेल एवढा टाइप लहान छापखान्याकडे शिल्लक नसे. म्हणून लेखकाने मुद्रिते चार दिवस अडवली तर तेवढे शिसे अडकून पडे आणि दुसऱ्याचे कामही थांबे. लेखकाला छापखान्यात येऊन, बाकावर बसून मुद्रिते वाचून द्यावी लागत ती यामुळे. या सक्तीच्या सहवासातून पुष्कळ चांगले निपजले. गिरगावच्या खटाववाडीत मौज प्रिंटिंग ब्यूरो आणि मौज प्रकाशन शेजारी नांदले, आणि श्री. पु. भागवत यांच्यासारख्या संपादकाची शुद्धलेखनापासून पानाच्या समासापर्यंतची काटेकोर नजर थेट जुळणीपर्यंत पोहोचू शकली. पुण्यात पुणे विद्यार्थी गृहासारख्या संस्थेने गरजू मुलांना मुद्रणाचे शिक्षण दिले, आणि तेथून बाहेर पडलेल्या मुलांमुळे ही विद्या घराण्यांच्या आणि जातींच्या मर्यादेबाहेर गेली.

धातूच्या पातळ प्लेटवरून छापणारे ऑफसेट आले आणि शिसे गेले. त्यापाठोपाठ संगणकावरची जुळणी आली, जिला मराठीत सगळे डीटीपी म्हणतात. पुढे फिल्म न काढता संगणकावरून थेट प्लेट करण्याची सोय झाली. या बदलात जुळाऱ्यांची एक पिढी कामाबाहेर गेली. त्यांतले काही जण कीबोर्ड शिकले, पुष्कळांना ते जमले नाही, आणि त्यांच्या कसबाची म्हणावी तशी नोंद कोणी घेतली नाही याचे वाईट वाटते.

ऑफसेटचे गणित असे की प्लेट, यंत्राची मांडणी आणि सुरुवातीचे वाया जाणारे कागद यांचा खर्च दहा प्रती काढा की हजार, ठरलेलाच असतो. त्यामुळे मराठीत हजार किंवा अकराशे प्रतींची आवृत्ती हा संकेतच पडला होता, आणि न खपलेल्या प्रती प्रकाशकाच्या गोदामात वर्षानुवर्षे राहत. डिजिटल छपाईत प्लेटच नाही. प्रत्येक प्रतीचा खर्च जवळजवळ सारखा, म्हणून पन्नास किंवा शंभर प्रतीही काढता येतात. प्रत महाग पडते, पण पैसे अडकत नाहीत. याचा परिणाम म्हणून पूर्वनोंदणी पुन्हा जिवंत झाली आहे. लेखक किंवा लहान प्रकाशक व्हॉट्सॲपच्या गटांत सवलतीची किंमत जाहीर करतो, ओळखीचे वाचक पैसे पाठवतात, आणि जेवढी नोंद तेवढ्या प्रती छापल्या जातात. केतकरांना जे पायपीट करून करावे लागले ते आता बसल्या जागी होते. गावच्या इतिहासाची, घराण्याच्या वंशावळीची किंवा एखाद्या शिक्षकाच्या कवितांची पुस्तके, जी पूर्वी निघालीच नसती, ती त्यामुळे निघत आहेत. संपादकाचा हात न लागलेली पुस्तकेही त्याच वाटेने वाढली आहेत, आणि वाचकाला त्याचा त्रास होतो, हेही खरे.

लग्नपत्रिकेच्या बाबतीत उलट घडले. एकेकाळी लहान छापखान्याचा वर्षाचा निम्मा चरितार्थ लग्नसराईवर चाले. आज बहुतेकांना आमंत्रण फोनवर जाते. तरीही छापील पत्रिका थांबलेली नाही, कारण पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवायची असते आणि घरच्या वडीलधाऱ्यांना अक्षता देऊन हाती द्यायची असते. छापल्या जाणाऱ्या प्रती कमी झाल्या, कागद आणि सजावट भारी झाली. जिथे माणसाने माणसाकडे जाणे अपेक्षित आहे, तिथे कागद टिकून आहे.

एक गुंता मात्र अजून सुटलेला नाही, आणि तो स्टीफन्सच्या सहाशे साच्यांचाच वंशज आहे. संगणकावर देवनागरी आली तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाच्या द्वारे भारतीय लिप्यांची मोठी सोय केली, १९९१ मध्ये या लिप्यांच्या संगणकीय संकेतांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानकही ठरले. तरी डीटीपीच्या बाजारात श्री-लिपीसारख्या खासगी प्रणालींचे फाँट रूढ झाले. या प्रणालींनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते, आणि प्रत्येकीची बसवणूक वेगळी होती. एका फाँटातला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. त्यामुळे पुस्तक एकदा ज्या ऑपरेटरकडे टाइप झाले, त्याच्याशीच लेखक बांधला गेला. प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या युनिकोडने हा तिढा तत्त्वतः सोडवला. र. कृ. जोशी यांनी आखलेला 'मंगल' हा युनिकोड फाँट विंडोजमधून घरोघरी पोहोचला, आणि आता मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्त', 'बालू' यांसारखे फाँट कोणालाही विनामूल्य मिळतात. पण पाने लावण्याच्या जुन्या प्रणालींत युनिकोडची जोडाक्षरे फुटत, 'सुऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतला अर्धा र हमखास बिघडे, म्हणून अनेक छापखान्यांनी जुने फाँट सोडले नाहीत. लेखक घरी युनिकोडमध्ये लिहितो, छापखाना तो मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या फाँटात नेतो, आणि त्या उलथापालथीत शिरलेल्या चुका शोधण्यासाठी मुद्रिते पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागतात. संगणकाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांतली कित्येक मराठी पुस्तके आज अशाच फाइलींत पडून आहेत, आणि त्यांतल्या एखाद्याची नवी आवृत्ती काढायची झाली, तर लहान प्रकाशकाचे पहिले काम असते ते वीस वर्षांपूर्वी ते पुस्तक लावणारा ऑपरेटर सध्या कोठे आहे याचा तपास करण्याचे.