भेट शेठची, बोनस कामगाराचा

दिवाळी आली की सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ऐकू येतंच, "शेठनं यंदा बोनसला चादर आणि मिठाई दिली." चादर दिली, चांगलं केलं. पण तो बोनस नव्हे. बोनस पैशातच द्यावा लागतो, वस्तू देऊन तो फिटत नाही.

दिवाळी भेट काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मर्जी असली तर मिळते. महापालिकेतलं सानुग्रह अनुदान, म्हणजे कायद्याची सक्ती नसताना दिलेली रक्कम, तेही वेगळंच. तिथल्या कर्मचाऱ्यांना बोनसचा कायदा लागू नाही, तरी दरवर्षी बातमीत 'बोनस जाहीर' असतंच.

खरी गोची पुढे आहे. मालक म्हणतो, "धंदा तोट्यात, बोनस कुठून देऊ?" भेटीपुरतं हे कारण चालेल, बोनसला चालत नाही. 1965 चा बोनस कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत सामावला आहे, पण गाभा तोच राहिला: 20 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे वर्षाच्या वेतनाच्या किमान 8.33 टक्के द्यायचेच, नफा होवो वा तोटा. नफ्याशी संबंध येतो तो त्याच्या वरच्या भागाचा, 20 टक्क्यांपर्यंत. लोक नेमकं उलटं धरतात आणि हक्काचे 8.33 सुद्धा सोडून देतात. तोट्याची सबब खरी ठरते ती नव्या कारखान्याची, पहिल्या पाच वर्षांत. बापजाद्यांपासून माग चालवणाऱ्यानं ती सांगू नये.

8.33 टक्के म्हणजे बारावा हिस्सा, म्हणून 'एक पगार' म्हणतात. मात्र हातात येणारा पगार नव्हे, मुख्यतः मूळ वेतन आणि महागाई भत्ता. 2015 च्या दुरुस्तीनं पात्रतेची मर्यादा महिना 21,000 रुपये केली, म्हणजे हा हक्क तेवढ्या वेतनापर्यंतच; हिशेबाची मर्यादा, म्हणजे बोनस मोजताना धरायचं जास्तीत जास्त वेतन, 7,000 किंवा त्या कामाचं किमान वेतन, यांतलं जे जास्त ते. पुढचे शब्द न वाचता सरसकट 7,000 धरणारे मुनीमजी मला अजिबात आवडत नाहीत.

वर्षात 30 दिवस काम भरलं की हक्क लागू. नगावर मजुरी घेणाराही त्यात आला.

मुदत दिवाळीची नाही, हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची; मार्चअखेर धरली तर 30 नोव्हेंबर. दिवाळीला बोनसपोटी आगाऊ रोख दिली असेल तर ती मालकाला वजा करता येते. म्हणून पाकीट घेताना नोंदवहीत ते कशापोटी लिहिलंय ते वाचा, मगच सही करा.