शाळा आठला, पण पोरगं झोपतंय कितीला?

जानेवारीच्या मध्यावर बेळगावात सूर्य उगवतो सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास, आणि वडगाव-शहापूरकडनं कॅम्पाकडं पोरं नेणाऱ्या रिक्षा त्याच्या आधीच गल्लीत हॉर्न मारायला लागलेल्या असतात. शाळा आठ-सव्वाआठची, रिक्षात मागंपुढं करून आठ-दहा पोरं, म्हणजे ज्याचं घर रूटमध्ये पहिलं त्याला पावणेसातला दारात उभं राहायचं आणि त्यासाठी सहाला उठायचं, आणि सहाला बाहेर सरळ सरळ रात्र असते. "उठ की रे, रिक्षा यायलीय" ह्यानं किती घरांतला दिवस सुरू होत असेल ते सांगायला नको.

ह्यावर घरात दोन पार्ट्या ठरलेल्या. आजोबा म्हणणार लवकर निजे लवकर उठे, आम्ही पहाटे उठून गोठा झाडून शाळेला जायचो, काय झालं आम्हाला? आणि आई म्हणणार एवढ्याशा जिवाला कशाला हा छळ, शाळा नऊला केली तर आभाळ कोसळणार आहे का. गंमत अशी की झोपेवरचं संशोधन वाचलं तर दोघंही अर्धे अर्धे बरोबर निघतात, आणि आजोबा जो भाग बरोबर सांगतात तो वाक्याचा पहिला अर्धा, जो घरात कोणीच पाळत नाही!

आधी एक घोळ सोडवू. "उशिरा शाळा चांगली" असं जे आपण बातम्यांत वाचतो ते मुख्यत्वे हायस्कूलच्या पोरांबद्दल आहे. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढं सरकतं, रात्री मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन, उशिरा सुटायला लागतं, त्यामुळं पंधरा वर्षांचं पोरगं अकरापर्यंत जागं असतं ते नुसता आगाऊपणा म्हणून नाही. अमेरिकेत ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या मेरी कार्स्काडन ह्यांनी ह्यावर कित्येक वर्षं काम केलंय. २०१४ साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं मिडल आणि हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नका असं सांगितलं, आणि कॅलिफोर्नियात तर कायदाच झाला, २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी नाही. सिएटलमध्ये २०१६ ला हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली तर पोरं सरासरी ३४ मिनिटं जास्त झोपायला लागली. चौतीस मिनिटं फार वाटत नाहीत, पण रोजची धरा.

पण बस तेवढ्याच असतात ना. मोठ्यांची शाळा पुढं ढकलली की त्याच बसनं लहानांना आधी न्यावं लागतं, म्हणून तिकडं बऱ्याच ठिकाणी प्राथमिक शाळा उलट लवकर झाल्या, आणि तिथल्या आईबापांनी आपल्यासारखीच बोंब मारली. कोलोरॅडोतल्या चेरी क्रीक भागात २०१७ ला प्राथमिक शाळा नऊवरून आठला आणली आणि हायस्कूल सव्वासातच्या सुमारावरून आठ वीसला नेलं. हजारो पोरं आणि पालकांकडनं माहिती घेतली गेली. मोठ्यांची झोप जवळजवळ पाऊण तासानं वाढली हे अपेक्षितच होतं, पण लहानांची झोप तासानं कमी व्हायला हवी होती ती जेमतेम काही मिनिटांनीच कमी झाली. कारण त्यांनी झोपायची वेळ पण मागं घेतली. सहा-दहा वर्षांच्या पोराचं घड्याळ अजून पुढं सरकलेलं नसतं, संध्याकाळी आठ-साडेआठला त्याला खरंच झोप येते, आणि निजवलं तर ते निजतं.

मार्कांचं काय? नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या प्राथमिक शाळा तपासल्या तर लवकरच्या शाळेत गैरहजेरी किंचित जास्त आणि गणिताचे मार्क किंचित बरे असं काहीतरी विचित्र निघालं, म्हणजे फार काही निघालं नाही. केंटकीत मात्र ७१८ प्राथमिक शाळांच्या अभ्यासात लवकर भरणाऱ्या शाळांचा निकाल कमी दिसला, तोही खात्यापित्या घरांतल्या शाळांमध्ये. त्यामुळं "लवकर शाळा म्हणजे पोराचं वाटोळं" असं छातीठोक सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

मग आपण निवांत व्हायचं का? नाही, कारण तिकडं जे लहानांना वाचवतं ते आपल्याकडं नाही. लवकर निजणं.

ह्यात थोडा दोष सूर्याचा पण आहे हे ऐकून हसू नका. भारताची वेळ मिर्झापूरजवळनं जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर ठरते, बेळगाव आहे साधारण ७४.५ वर, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या ३२ मिनिटं मागं चालतो. कोलकात्याशी तुलना केली तर वर्षभराच्या सरासरीनं आपल्याकडं अंधार जवळजवळ तासभर उशिरा पडतो. मौलिक जगनानी ह्या अर्थशास्त्रज्ञानं भारतभरची आकडेवारी घेऊन हेच तपासलं, सूर्यास्त तासभर उशिरा झाला की पोरांची झोप सुमारे अर्ध्या तासानं कमी होते. कारण सोपंय. अंधार उशिरा पडला की पोरं उशिरा झोपतात, पण शाळेची घंटा काही सूर्य बघून वाजत नाही, त्यामुळं सकाळी ते भरून निघत नाही. गरीब घरांत हा फटका जास्त बसतो असंही त्यात दिसलं, आणि ते पटतं, एका खोलीत सगळं घर, टीव्ही तिथंच, कापडाचा माग बंद करून बाप नऊला येणार, मग जेवण, मग पोरगं झोपणार कुठं आणि कधी.

आणि अंधार पडल्यावर तरी अंधार असतो का? दिवा आणि मोबाईल आहेच. लहान पोरांचे डोळे आपल्यापेक्षा जास्त प्रकाश आत घेतात, बाहुली मोठी असते, भिंग स्वच्छ असतं. कोलोरॅडोच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या पोरांना झोपायच्या आधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं तर मेलाटोनिन ८८ टक्क्यांपर्यंत दबलं, आणि दिवे घालवल्यावरही बराच वेळ वर आलं नाही. पोरं दहाच होती आणि उजेड घरातल्या ट्यूबलाईटपेक्षा बराच जास्त होता हे पण सांगायला पाहिजे, पण दिशा कळते.

सहा ते बारा वर्षांच्या पोराला नऊ ते बारा तास झोप लागते, शिशुवर्गातल्याला दुपारची धरून दहा ते तेरा. आता हिशोब करा, साडेदहाला झोपून सहाला उठवलं की साडेसातच तास. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते ती मिळून जाते, कापली जाते ती पहाटेकडची स्वप्नांची झोप.

पण झोप कमी पडलेलं पोरगं पेंगत नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. मोठा माणूस पेंगतो, लहान पोरगं उलट चेकाळतं, धिंगाणा करतं, डबा आवडला नाही म्हणून रडून घर डोक्यावर घेतं. कॅनडात रेउत ग्रुबर ह्यांनी सात ते अकरा वर्षांच्या पोरांची झोप पाच रात्री बदलून बघितली, २७ मिनिटं वाढली त्यांचा स्वभाव शिक्षकांना निवळलेला दिसला, ५४ मिनिटं कमी झाली ती चिडकी आणि उतावळी झाली. शिक्षकांना कोण कुठल्या गटात ते माहीत नव्हतं. इस्रायलच्या अवी सादेह ह्यांनी २००३ मध्ये चौथी आणि सहावीच्या पोरांवर तीन रात्रींचा तसलाच प्रयोग केला, तासभर कमी-जास्त झोपवून, तर लक्ष देण्याच्या कामांत दोन गटांत एवढा फरक पडला की तो दोन वर्षांच्या वाढीइतका होता. सहावीतलं पोरगं चौथीतल्यासारखं वागायला लागतं म्हणा की.

घरावर काय होतं ते मोजायला कोणी येत नाही. पोराला सहाला उठवायचं तर आई साडेचार-पाचला उठलेली असते, डबा पोराचा वेगळा नवऱ्याचा वेगळा, नवरा उद्यमबागेत फौंड्रीत दुसऱ्या पाळीला असला तर तो रात्री बाराला येणार, त्याला वाढून ती झोपणार. लवकरची शाळा लवकर सुटते हे पण आहेच, पोरगं दीड-दोनला घरी, आणि आई-बाप दोघं कामावर असतील तर ते आजीकडं किंवा शेजारी. घरी आलं की दमलेलं असतंय, जेवून तीन ते साडेपाच ताणून देतं, मग ट्युशन, आणि रात्री दहाला टक्क जागं. हे चक्र तुम्ही ओळखलं असणारच. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडं तर अजून वेगळं, शाळा दहाच्या सुमाराला असली तरी एसटी एकच, ती सकाळी लवकर, आणि पावसाळ्यात जंगलातल्या वाटेनं अंधारात पोराला पाठवायचं म्हणजे कोणीतरी मोठं माणूस सोबत पाहिजेच, त्या माणसाचं काम बुडणार ते वेगळं.

सीमेवर राहण्याची अजून एक मजा. महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जीआर काढला की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. म्हणजे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत नियम नऊचा, आणि तिथनं हाकेवरच्या बेळगाव तालुक्यात तो लागूच नाही, कारण आपण कर्नाटकात! तिकडंही शाळांनी कुरकुर केलीच, दोन सेशनला इमारत एकच, बस त्याच. मला स्वतःला तो जीआर आवडला, पण नऊच्या शाळेमुळं "मग अजून थोडा वेळ बघू दे की मोबाईल" असं झालं तर त्या तासाची माती.

त्यामुळं शाळेच्या पालकसभेत किंवा एसडीएमसीत (कर्नाटकातल्या सरकारी शाळेची देखरेख समिती) विषय निघाला तर घंटा कितीची ह्यावर भांडण्याआधी पहिलं पोरगं रिक्षात कितीला चढतं ते विचारा. आठची शाळा पण पंधरा मिनिटांवर घर, आणि साडेआठची शाळा पण सव्वा तास रूट, ह्यात दुसरं पोरगं लवकर उठतं. रिक्षामामांशी बोलून दर महिन्याला रूट उलटा फिरवता येतो, निदान जानेवारी-फेब्रुवारीत तरी, म्हणजे कायम एकाच घरावर पावणेसातची पाळी येणार नाही. आणि शनिवारी सकाळची शाळा झाली की पोरगं दुपारी किती झोपतं तेवढं बघा, अर्ध्या-पाऊण तासात उठवलं तर रात्री नऊला त्याला परत झोप येते.