चार फूट एक इंचावर हरवलेला खर्ज

काळी एक पट्टीत लावलेला तंबोरा घ्या, पुरुषी आवाजाच्या साथीचा. जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर बोलतात आणि चौथी, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. नवे ॲक्टिव्ह स्पीकर, म्हणजे ॲम्प्लिफायर पोटातच असलेले, घरी आले तेव्हा मी पहिल्यांदा तंबोराच ऐकला, आणि खर्ज गायब! सूर कळत होता, पण त्याला अंग नव्हतं. हेडफोन लावून तेच ध्वनिमुद्रण ऐकलं तर खर्ज जागच्या जागी.

सूर तरीही कळत होता, ही करामत तंबोऱ्याची. जवारीमुळे, म्हणजे तार घोडीच्या रुंद माथ्याला हलकेच घासत राहते त्यामुळे, तारेतून वरची हार्मोनिक्स (मूळ कंपनाच्या पटीतले सूर) इतकी भरघोस निघतात की मूळ कंपन दुबळं असलं तरी मेंदू त्यांच्यावरून खालचा स्वर जुळवून घेतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर लिहिताना एक गंमत नोंदवली होती. तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू येतो, ते हार्मोनिक एरवी उमटू नये. या वाद्यांत ते ठणठणीत उमटतं. त्यामुळे स्वर ओळखता येतो यावरून स्पीकर खालचं सगळं वाजवतोय असं समजू नये.

माझ्या बाबतीत दोष स्पीकरचा नव्हताच. ‘भिंतीपासून मोकळे ठेवा’ हा हौशी मंडळींचा आवडता सल्ला मी इमानेइतबारे पाळला होता. आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “हे काय मधोमध आणून ठेवलंस? केर कसा काढायचा?” टेप लावून मोजलं, तर मागच्या भिंतीपासून वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या, तोंडापर्यंत चार फूट एक इंच, म्हणजे १.२४ मीटर.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे ६९ हर्ट्झची एक लाट जवळजवळ ५ मीटर लांब. इतक्या लांब लाटेला वीतभर रुंदीची पेटी अडवू शकत नाही. ती वळसा घालून मागेही पसरते, भिंतीवर आपटते आणि परत येते. जाऊन-येऊन अंतर झालं अडीच मीटर, बरोबर अर्धी लाट. पुढे निघालेल्या लाटेचा उंचवटा आणि परतलेल्या लाटेची खोलगट बाजू समोरासमोर येतात आणि एकमेकींना खातात. परतणारी लाट लांबून आल्यामुळे थोडी क्षीण असते, म्हणून आवाज अगदी शून्य होत नाही. खड्डा मात्र पडतो. मोजमापाच्या मायक्रोफोनवर माझा खड्डा १० डेसिबलच्या आसपास दिसला. एकट्या मागच्या भिंतीचं हे काम नसावं. बाजूच्या भिंती आणि छतानेही हातभार लावला असणार.

आता डीएसपी, म्हणजे स्पीकरमधली आवाजावर आकडेमोड करणारी चिप, कशाला आहे, असं मलाही वाटलं. ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये वूफर आणि वरचे सूर वाजवणाऱ्या ट्विटरला स्वतंत्र ॲम्प्लिफायर असतात आणि सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर ॲम्प्लिफायरच्या आधी बसतो. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली ज्या प्रकारच्या क्रॉसओव्हरवर लिहिलं, त्याला आज लिंकविट्झ-रायली म्हणतात. तो आता चिपमध्ये निव्वळ आकडेमोडीने होतो. चिप आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेते असं धरलं तर एका नमुन्याच्या वेळात ध्वनी जेमतेम ७ मिलिमीटर सरकतो. ट्विटर वूफरपेक्षा २ सेंटिमीटर पुढे असेल, तर त्याला तीनएक नमुने थांबवलं की दोघे एका रेषेत आले. हे काम डीएसपी इतकं सफाईने करतो की त्याच्याकडून वाटेल ती अपेक्षा करायचा मोह होतो.

मी खर्जाच्या जागी १० डेसिबल वाढवले. १० डेसिबल म्हणजे दहापट वीज. वूफरचा पडदा धडपडताना डोळ्यांना दिसू लागला, थोडा आवाज चढवताच संरक्षक सर्किटचा लाल दिवा लागला.

शेवटी स्पीकर मागे ढकलले. मागच्या ॲम्प्लिफायरला हवा मिळावी म्हणून भिंतीपासून ५ सेंटिमीटर फट सोडली. वूफरचं तोंड आता भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर. त्याच हिशेबाने खड्डा २८७ हर्ट्झच्या आसपास सरकतो, आणि तिथे पेटी आवाज पुढच्या बाजूला जास्त फेकू लागलेली असते, त्यामुळे तो उथळ राहतो. शिवाय जवळची भिंत खालच्या सुरांना ६ डेसिबलपर्यंत उचलते. हे जास्तीचं कापणं डीएसपीला फार सोपं. ६ डेसिबल कमी म्हणजे चौथाई वीज; ॲम्प्लिफायर निवांत. भरण्यापेक्षा कापण्यात डीएसपी कधीही भरवशाचा.

आई काही बोलली नाही. फक्त केर काढला.

मग सोफ्याचा प्रश्न उरला. आमचा हॉल १४ बाय १० फुटांचा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी लाट चपखल बसली की खोली स्वतःच घुमते: लांबीत ४० हर्ट्झला, रुंदीत ५७ला. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, स्पीकरवर ४० हर्ट्झ वाजवा आणि हॉलमध्ये चालत जा. मधोमध आवाज मरतो, भिंतीला पाठ लावली की छातीवर येतो. सोफा अर्थातच भिंतीला टेकलेला! ४० हर्ट्झला डीएसपीच्या अरुंद फिल्टरने ६ डेसिबल कापले, तेव्हा उंचवटा तर गेलाच, शिवाय मागे रेंगाळणारी घरघरही आटोक्यात आली. पडद्यांनी ते जमलं नसतं. साडेआठ मीटरच्या लाटेला पडदा म्हणजे काहीच नाही.

वरच्या पट्ट्याला मात्र मी हात लावला नाही. अशा हॉलमध्ये साधारण २५० हर्ट्झच्या वर परावर्तनांची इतकी गर्दी असते की मायक्रोफोनला दिसणारी प्रत्येक खाचखळगी कानाला जाणवतेच असं नाही. आवाज मोजून दुरुस्ती सुचवणाऱ्या ॲपने तिथेही आलेखाची रेष सपाट करून दिली होती. ऐकायला आवाज कोरडा वाटला, पुसून टाकलं. टाइल्सवरून उडणारा कर्कशपणा सतरंजीने कमी झाला.

आता खर्ज नीट ऐकू येतो. डग्ग्यावर घुमारा पडला की शोकेसची काच मात्र अजून थरथरते; तिच्या खाचेत तिकिटाची घडी करून खुपसली आहे.