रोगकारक जीवाणू

माणसाच्या किंवा इतर प्राण्यांच्या शरीरात वाढून रोग निर्माण करणाऱ्या जीवाणूंना रोगकारक जीवाणू म्हणतात. जीवाणूंच्या असंख्य जातींपैकी असे फार थोडे. बाकीचे मातीत, पाण्यात आणि आपल्याच आतड्यात निमूटपणे राहतात; काही तर उपयोगीच पडतात.

आकारावरून जीवाणूंचे गोलाणू, दंडाणू, स्वल्पविरामासारखे आणि मळसूत्री असे प्रकार पडतात. ही विभागणी सोपी, पण रोगाबद्दल ती फारसे सांगत नाही : दह्यातला लॅक्टोबॅसिलस आणि काळपुळीचा जीवाणू, दोन्ही दंडाणूच. ऑक्सिजनची गरज हा निकष अधिक कामाचा. धनुर्वाताचा जीवाणू ऑक्सिजन नसेल तिथेच वाढतो, म्हणून माती गेलेली खोल जखम वरवरच्या खरचटण्यापेक्षा धोक्याची.

प्रत्यक्ष उपचारात मात्र सर्वांत महत्त्वाची ठरते ती जीवाणूची पेशीभित्ती. डॅनिश वैद्य हान्स ख्रिस्तियन ग्रॅम यांनी 1884 मध्ये मांडलेली रंजनपद्धती आजही प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. काचपट्टीवरील जीवाणूंना जांभळा रंग व आयोडीन देऊन नंतर अल्कोहोलने धुतात. जाड भित्तीचे जीवाणू जांभळेच राहतात, ते ग्रॅम-धन. पातळ भित्तीच्या जीवाणूंचा रंग निघून जातो आणि पुढे दिलेला लाल रंग ते घेतात; ते ग्रॅम-ऋण. या दुसऱ्या गटाला भित्तीबाहेर आणखी एक पटल असते आणि ते अनेक प्रतिजैविकांना आत शिरू देत नाही. मायकोप्लाझ्मा या जीवाणूला तर भित्तीच नसते. त्यामुळे भित्तीच्या बांधणीवर घाव घालणारे पेनिसिलिन त्याच्यापुढे निरुपयोगी.

जीवाणू इजा करतात ते मुख्यतः विषांद्वारे. जिवंत जीवाणू बाहेर सोडतो ते बहिर्विष. पटकीचा (कॉलऱ्याचा) जीवाणू आतड्याच्या अस्तराला चिकटतो, पण ऊतींत खोल शिरत नाही. सारी हानी त्याच्या विषाची. हे विष पेशींना क्षार व पाणी आतड्यात ओतत राहायला लावते आणि रुग्ण काही तासांत शुष्क पडू शकतो. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये जीवाणू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडून हे विष दाखवून दिले. त्या मानाने त्यांचे नाव आपल्याकडे फारच कमी घेतले जाते. साखर व मीठ एकत्र शोषून घेण्याची आतड्याची क्षमता मात्र या विषाने बिघडत नाही, म्हणूनच जलसंजीवनी लागू पडते.

पटकी आणि घटसर्प यांच्या विषांची जनुके मुळात जीवाणूभक्षी विषाणूंकडून आलेली असतात. विषाचे जनुक नसलेला त्याच जातीचा जीवाणू तो विशिष्ट रोग घडवू शकत नाही. तेव्हा नुसते जातीचे नाव कळून भागत नाही.

अंतर्विष हा ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्य पटलाचाच भाग. जीवाणू मरून फुटले की ते मोकळे होते. रक्तात फार झाले तर ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. येथे घात करते ती बऱ्याच अंशी शरीराची स्वतःचीच अतिरेकी प्रतिक्रिया.

क्षयरोगात हे आणखी स्पष्ट दिसते. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये शोधलेला हा जीवाणू पटकीसारखे जोरकस विष सोडत नाही. त्याला गिळणाऱ्या भक्षकपेशींमध्येच तो तग धरतो आणि त्याला कोंडून ठेवण्याच्या शरीराच्या धडपडीत फुप्फुसाला पोकळ्या पडतात. त्याची भित्ती मेणचट असल्याने ग्रॅमचा रंग नीट चढत नाही. बेडक्याच्या तपासणीत त्यासाठी झील-नील्सन पद्धत वापरतात. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयाच्या जीवाणूला त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो. बहुतेक औषधे वाढत्या जीवाणूंवरच नीट चालतात. त्यामुळे एकाच वेळी अनेक औषधे, तीही महिनोन्‌महिने, घ्यावी लागतात.