मोठं कुत्रं शिकत नाही? खुलासा

नागपुरात कुत्रं दत्तक घ्यायचं म्हटलं की धरमपेठ असो वा मानेवाडा, सल्ला एकच: "पिल्लूच आणा, मोठं कुत्रं काही शिकत नाही बाप्पा." वर शेपूट आणि नळीची म्हण आहेच. पण मेट्रोनोमचा ठोका ऐकला की आता खाणं येणार, म्हणून लाळ गाळायला शिकलेले रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांचे कुत्रे प्रौढच होते की!

वयाचा फरक पडतो, पण वेगळाच. उंदराच्या ८-९ दिवसांच्या पिल्लाला एखाद्या वासासोबत सौम्य विजेचा झटका दिला, तर ते त्या वासापासून पळत नाही, उलट त्याच्याकडेच सरकतं. भीतीची सांगड घालणारा मेंदूतला अमिग्डाला तेव्हा या कामाला लागलेला नसतो. पिल्लू आईला ओळखतं ते वासावरूनच; ती कशीही वागो, तिला चिकटल्याशिवाय ते जगणार कसं? थोडं मोठं झालं की तेच पिल्लू तो वास टाळतं.

शिवाय पिल्लं विसरतातही लवकर. १९६२च्या एका प्रयोगात १८ दिवसांच्या उंदरांची शिकलेली भीती ३ आठवड्यांत जवळपास पुसली गेली. प्रौढांची ६ आठवड्यांनंतरही शाबूत होती.

म्हणजे मोठ्या कुत्र्याची अडचण असलीच तर शिकलेलं न विसरण्याची. काठीची धास्ती हळूहळू जाते, कधी परतही येते. 'बस' शिकवायला मात्र बिस्किटाचे तुकडे नि चिकाटी पुरते.